सकाळची पहिली बाटली

माणसाचा चेहरा विसरून त्याची लघवी लक्षात ठेवणारा गृहस्थ साऱ्या पांढुर्ण्यात एकच आहे, आणि तो माझ्या भिंतीपलीकडे राहतो. दवाखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यावर लॅबवाल्या काकांनी लघवी तपासायचे एक लहानसे मशीन घरी आणले आणि गावातल्या प्रत्येक मधुमेह्याच्या मूत्रपिंडाची जबाबदारी, कोणी न सोपवता, पत्करली. लग्नाच्या पंगतीत कोणी जिलबीला हात घातला की काका त्याच्या कानाशी वाकून विचारीत, "बाटली कधी आणून देता?" एकदा सावरगावच्या पुलावर त्यांना पाहताच एका कापूस व्यापाऱ्याने स्कूटर माघारी वळवली. काका मागून ओरडले, "पळा, पळा! अल्ब्युमिनबी तुमच्यासंगच पळून राह्यलं!"

अल्ब्युमिन, म्हणजे लघवीतून गळणारे प्रथिन, हे त्यांचे आयुष्यभराचे वैरी. "रक्त उशिरा बोलते, मास्तर," ते मला सांगत. "किडनी बिघडाले लागली का लघवी पयले चुगली करते. सकाळची पयली बाटली द्या. तिचं ऐकाले काय जाते?"

काकू जाऊन बरीच वर्षे झालेली, मूलबाळ नाही. खिडकीतल्या फळीवर नावाच्या पट्ट्या लावलेल्या बाटल्या ओळीने उभ्या असत आणि रोज सकाळी काका त्यांची विचारपूस करीत. "काय म्हणता, लोधीखेड्याचे पाटील? आज गढूळ दिसून राह्यले!" हे भिंतीपलीकडून ऐकून मी हसत असे. त्या घरात बोलायला दुसरे कोणी नाही, हे मात्र मला ऐकू आले नाही.

मला मधुमेह होऊन बारा वर्षे झाली होती. काकांचा तगादा मी संकोचाचे निमित्त सांगून टाळीत होतो; खरे कारण भीती होते. एकदा तिगावचा माझा मेहुणा संत्री घेऊन मुक्कामी आला होता. धडधाकट शेतकरी. सकाळी मी त्याचीच बाटली भरून घेतली आणि माझ्या नावाने काकांना दिली. संध्याकाळी काका फुटाण्यांची पुडी घेऊन धावत आले. "मास्तर, बैलाची किडनी हाय तुमची!" ही वार्ता त्यांनी साऱ्या गल्लीला सांगितली. पुढची दोन वर्षेही मेहुणा दर हंगामाला संत्र्यांसोबत एक बाटली देत गेला आणि मी ते खोटे हळूहळू स्वतःच खरे मानू लागलो.

गेल्या हिवाळ्यात माझे पाय सुजले. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, हे लघवीत काही वर्षांपूर्वीच दिसायला हवे होते. ही बातमी काकांच्या कानावर गेली. दुसऱ्या दिवशी फळी रिकामी होती. पुढे एके दिवशी लोधीखेड्याहून एक बाई पिशवीत बाटली घेऊन आली, तिला त्यांनी दारातूनच परत पाठवले. "माह्या नजरेनं मास्तरले दगा देल्ला, बाई. आता मी हात लावत नाही."

ती बाई माझ्या दारावरून गेली. दोन महिने मी त्या घराची शांतता ऐकत होतो. त्या दिवशी ती सोसवेना; मी काकांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"काका," मी म्हणालो, "त्या तिन्ही बाटल्या माझ्या मेहुण्याच्या होत्या."

मी शिवीची वाट पाहत होतो.

"म्हणजे बैल तो होता?"

"हो."

"मंग माही मशीन बरोबर होती." त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. मग अगदी हळू विचारले, "काहून केलं असं, मास्तर?"

"भेव वाटलं."

"मले सांगायचं ना. मी का डॉक्टर हाओ, भेवाले? मी त शेजारी हाओ."

फळी पुन्हा भरली आहे. आता मीही बाटली देतो, माझी स्वतःची. ती ओळीत शेवटी असते. सकाळी काका एकेकाला नावाने हाक मारतात, थट्टा करतात, दटावतात. माझ्या बाटलीपाशी आले की मात्र त्यांचा आवाज थांबतो. भिंतीला कान लावून मी वाट पाहत असतो, त्यांनी मला निदान एक टोमणा तरी मारावा म्हणून.