हजराबीच्या बरणीतली पानकोबी

फुलसावंगीच्या बाजारात पानकोबीला तेव्हा फारसं कोणी विचारत नव्हतं. वांगी, चवळीच्या शेंगा, अंबाडी हे गावाचं खाणं. एखादा माळी हौसेनं कोबी लावायचा, बाजाराला आणायचा आणि संध्याकाळी तेच गड्डे तोंड वाकडं करून परत न्यायचा. हजराबी मध्ये आली नाही तर. बाजार उठता उठता ती पदर खोचून यायची आणि मातीमोल भावात टोपलंभर गड्डे घरी न्यायची. बाईनं बकऱ्या पाळल्या काय, असं लोक हसून विचारायचे. बकरी तिच्याकडे एकही नव्हती. एक मुलगा होता इकबाल, आणि एक गुडघाभर उंचीची चिनीमातीची बरणी.

नवरा गेला तेव्हा इकबाल रांगत होता. हजराबीनं लोकांच्या गाद्या-रजया शिवल्या, पण रोज भाजी विकत घेण्याइतकं काही त्यातून सुटत नव्हतं. तिच्या माहेरी मुळा आणि गाजर राईच्या पाण्यात आंबवायची रीत होती. तीच रीत तिनं कोबीवर चालवली. कोबी बारीक चिरायची, मीठ लावून पाणी सुटेपर्यंत दोन्ही हातांनी रगडायची, कुटलेली राई, हळद आणि लसूण घालून बरणीत दाबून भरायची. वर धुतलेला दगड ठेवायचा आणि तोंडावर नुसतं फडकं टाकायचं. काही दिवस ऊन मिळालं की आतून बुडबुडे यायला लागायचे, आणि मग हजराबी निर्धास्त व्हायची.

ती कोबी त्या घरात लोणच्यासारखी ताटाच्या कोपऱ्यात बसत नव्हती. सकाळी भाकरीबरोबर तीच असायची, वरून कच्च्या तेलाची धार. दुपारी पिळून घेऊन लसूण आणि लाल मिरचीच्या फोडणीत पडायची. घरात चिंच नसली की वरणात पळीभर आंबट पाणी. कधी बेसनात कालवून झुणका, कधी ज्वारीच्या पिठात मळून धपाटे. ईदेला मटण आलं तर रश्शात शेवटी मूठभर कोबी जायची, आणि तो रस्सा ज्यानं खाल्ला त्याला नुसता रस्सा पुन्हा कधी गोड लागला नाही. एका भाजीवर संसार ओढला आणि पोराला एक दिवस कंटाळा येऊ दिला नाही. असली बाई शोधून सापडायची नाही.

वास यायचा, हे मात्र कबूल केलं पाहिजे. बरणी उघडली की पार रस्त्यापर्यंत कळायचं.

इकबाल मोठा झाला, त्यानं रस्त्याकडेला सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. पंक्चर काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. बासष्ट सालच्या उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं. बायको अकीला ही उमरखेडच्या युनूसमियांची मुलगी. ते कापडाचे व्यापारी, घर भरलेलं. अकीला कामाला वाघीण होती, पण बोलायची फार कमी. बरणी उघडली की ओढणीचं टोक तिच्या नाकाशी जायचं. ही पोर इथं रमली की नुसती दिवस काढतेय, हे हजराबीला कळेना. थंडी पडली तशी तिनं कोबीची परात सुनेपुढे सरकवली. "या खेपेले तू भर," म्हणाली. अकीलानं बरणी भरली.

त्याच आठवड्यात युनूसमियांचा निरोप आला. पोरीचं घर पाहायला येतो. ती सुखात दिसली तर ठीक, नाहीतर दोघांनाही घेऊन जातो आणि जावयाला उमरखेडला दुकान काढून देतो.

इकबाल गेला तर हजराबीपाशी उरणार काय? त्याचंही मन गावातच होतं. त्यानं आपल्या परीनं तोड काढली.

"अम्मी, ते येतीन तवा बरणी दिसू देऊ नको."

"काहून?"

"वास येते ना."

हजराबीला हे फार लागलं. ज्या बरणीवर हा वाढला तीच याला आज लपवाविशी वाटते. पण पोरगा जवळ राहतोय तर बरणी गेली चुलीत, असं मनाशी म्हणून ती मटणाच्या मागे लागली.

इकबालनं बरणीवरचं फडकं काढलं, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा तोंडावर ताणून बसवला आणि वरून ट्यूबच्याच पट्ट्या करकचून आवळल्या. हवा कोंडून ठेवणं हा त्याचा धंदाच. टाकीतल्या पाण्यात ट्यूब बुडवून कुठं बुडबुडा येतो हे पाहण्यात ज्याचा दिवस जातो, त्याला बरणीतला बुडबुडा बाहेर येऊ द्यायचा असतो हे सुचणार कसं? त्यानं बरणी तोंड बाहेर ठेवून तिरपी खाटेखाली ढकलली आणि पुढे रजई सोडली. हजराबीनं चुलीजवळून विचारलं, "ठेवली काय?" तो म्हणाला, "ठेवली." तिनं वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी युनूसमिया बैलांची दमणी जुंपून आले, पांढरीशुभ्र शेरवानी घालून. घर सारवलेलं, भांडी लखलखीत. दस्तरखान खाटेपाशी अंथरलं होतं. मटण त्यांना आवडलं. "घर चांगलं ठेवलं, आपा," असं ते म्हणाले, आणि हजराबीच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात खाटेखाली काहीतरी सूं सूं करू लागलं. इकबालचा घास हातातच राहिला. मग फाटकन आवाज झाला, रजई उडाली आणि पिवळं आंबट पाणी युनूसमियांच्या शेरवानीवर गळ्यापासून कमरेपर्यंत आलं. कोबीची एक लांब फीत त्यांच्या टोपीवर जाऊन बसली. दुसऱ्या कुठल्या दिवशी सगळे पोट धरून हसले असते. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

"हे असलं सडकं खाऊन राह्यली माही पोर?" युनूसमिया उठले. त्यांनी गाडीवानाला हाक मारली. "अकीलाची पेटी दमणीत ठेव. इकबाल, तू बी चाल. दुकान मी काढून देतो."

इकबाल ट्यूबच्या चिंध्या हातात घेऊन खाली मान घालून उभा. हजराबीनं हात जोडले असते तर कदाचित निभावलं असतं. पण तिनं हात जोडले नाहीत.

"भाईजान, शेरवानी खराब झाली, त्याची माफी मांगते. बरणी लपवली तेबी आमचं चुकलं. पण सडकं नोका म्हणू. याच्यावर म्या पोरगं वाढवलं. लेकीची मर्जी असन तर न्या तिले. पोरालेबी न्या." एवढं बोलताना तिचा आवाज कापला नाही, आणि त्यासाठी तिला सगळं बळ लागलं.

अकीला बरणीपाशी बसली होती. निम्मी कोबी आत शिल्लक होती. तिनं वाटीत थोडी काढली आणि ती वडिलांच्या पुढून सासूपाशी आली.

"अम्मी, चाखून पाहा ना. म्या भरलेली हाये."

गाडीवान पेटी खांद्यावर घेऊन दारात थबकला. हजराबीनं कोबी तोंडात घातली. कोबी करकरीत होती, आंबली होती बरोबर. पण खोटी तारीफ त्या बाईनं जन्मात केली नव्हती.

"मीठ जास्त झालं," ती म्हणाली. "पुढच्या खेपेले कमी टाक."

बोलून गेल्यावर तिच्या ध्यानात आलं, 'पुढच्या खेपेले' म्हणताना आपण काय मागून बसलो ते. ती सुनेच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"टाकीन कमी," अकीला म्हणाली, आणि जमिनीवर सांडलेली कोबी गोळा करायला बसली.

युनूसमिया लेकीकडे पाहत उभे राहिले. मग त्यांनी टोपीवरची कोबी झटकली आणि गाडीवानाला सांगितलं, "पेटी खाली ठेव."