बाजरीनंतरचे गहू

गिरणीत किस्से गोळा करावे लागत नाहीत. माणूस डबा ठेवतो आणि उभा राहतो. हाताला काम नाही, पुढे चार नंबर आहेत, मग तोंड सुरू होतं. त्यात मोटर चालू, म्हणजे गुपितसुद्धा ओरडून सांगावं लागतं! आमच्या कोपर गावातली एक सून अशीच शेजारणीच्या कानात ओरडत होती आणि नेमकी लाइट गेली. मोटर बंद. सगळ्या रांगेने ऐकलं, "सासूला सांगितलं, अंगठी हरवली म्हणून!"

सासू तिसऱ्या नंबरवर उभी होती.

दुसऱ्या दिवशी मी पाटी लावली, 'दळण होईपर्यंत गप्प बसावे.' स्वतःच्या हाताने रंगवली. अक्षर वाकडं आहे, माझा ळ नेहमी आडवा झोपतो. पण वाचता येतं ना? झालं तर! गप्प मात्र अजून कोणी बसत नाही.

मी बहात्तर वर्षांची आहे. नवरा गेल्यापासून गिरणी एकटी चालवते. संशय हा माझा धंदाच आहे. गहू ओला आहे का, ज्वारीत खडे आहेत का, तांदळाला टोके लागलेत का, सगळं आधी चिमटीत धरून बघायचं. आणि गिऱ्हाईक माझ्यावर संशय घेतं तो वेगळाच. "मावशी, माझ्या आधी कोणाचं दळलं?" कारण दगडांत आधीच्याचं थोडं राहतंच. बाजरीनंतर गहू टाकले तर पहिलं मूठभर पीठ काळपट येतं. ते बाजूला काढून ठेवायचं. हा गिरणीचा नियम आहे, माझ्या मनाचा नाही.

हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

* * *

शाळा मी बाहेरून बघितली. अक्षरं शिकले ती डब्यांवरून. लोक डब्यावर नाव घालून आणतात ना? 'कदम' पहिलं आलं. सोपं आहे, क, द, म सुटे करून घेतले. 'पवार' आठवड्यात आलं. 'म्हात्रे' यायला वर्ष गेलं!

मग एकदा इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकाला मी लेख दिला. गिरणीवरचाच होता. माझं अक्षर कोणाला लागणार नाही म्हणून मी बोलत गेले आणि लेक सुमन लिहीत गेली. अंक निघाला, मी साडी बदलून समारंभाला गेले. संपादक म्हणाले, "वा! मुलीने काय सुंदर लिहिलंय! आणि आईच्या नावावर दिलं, केवढं मन!"

मी म्हटलं, "लेख माझा आहे."

"हो हो, अर्थातच!" आणि हसले.

तेव्हापासून मला 'अर्थातच' हा शब्द आवडत नाही. आणि तेव्हापासून मी जे लिहिते ते स्वतःच्या हाताने. हेसुद्धा.

* * *

गिरणीच्या मागे माझा एक गाळा आहे. तीन पोरांनी तो मागितला. "स्टुडिओ करायचाय आजी." पोरं साधी दिसत होती, तिथेच मला शंका आली. दोन दिवसांनी बघते तर टेम्पोतून जुन्या गाद्या उतरतायत, गोधड्या, जाड पडदे. खिडकी होती ती बुजवली. आता सांगा, दिवसाढवळ्या खिडकी बुजवून गाद्या घालणारी माणसं आत काय करत असतील?

तिसऱ्या दिवशी दुपारी मी सरळ शटर वर केलं. हातात लाटणं होतं.

आत एक पोरगा स्टुलावर बसलेला, डोक्यावरून गोधडी, आणि गोधडीच्या आतून पुटपुटतोय. बाकीचे दोघे श्वास रोखून बघतायत.

मी विचारलं, "सर्दी झालीय का रे? मग पाण्यात ओवा घालून वाफ घ्या!"

गाद्या-गोधड्या आवाज घुमू नये म्हणून होत्या, आणि तो त्यांच्या पहिल्या गाण्याचा पहिला टेक होता. माझं वाक्य त्यात आहे म्हणतात. मी ऐकायला गेले नाही.

मात्र एक ठरलं. एक ते चार मी गिरणी बंद ठेवते, जेवते, आडवी होते. त्याच वेळात त्यांनी काय ते गायचं. मोटर आणि मायक्रोफोन एकत्र नांदत नाहीत.

* * *

त्या गाळ्यात एक दिवस सतीश आला, माझं नेहमीचं गिऱ्हाईक. वय त्रेचाळीस, कानशिलं पांढरी. बाळकुमच्या टॉवरांत लिफ्ट दुरुस्त करतो. पोरं एकदम उठली आणि त्याच्या पाया पडली! आजकालची पोरं कोणाच्या पाया पडायला लागली की आधी आपलं पाकीट चाचपावं.

मी रॉनीला बाजूला घेतलं. रॉनी म्हणजे या पोरांतला पुढारी, हातात कायम कॅमेरा. "हा कोण लागून गेला रे?"

"आजी, एमसी पाचर! 'फाटक' ग्रुपमधला! कल्याण-डोंबिवलीत मराठी रॅप आला तो यांच्यामुळे. चौदा वर्षांनी परत येतायत, पहिल्यांदा सोलो. लेजंड आहेत!"

"लेजंड आहे तर काल पाच किलो गहू घेऊन रांगेत कशाला उभा होता?"

"लेजंड पण चपाती खातात, आजी."

उत्तर मला पटलं. पण पोराला ते इतक्या पटकन सुचलं, हे नाही पटलं.

* * *

सतीशला त्याआधी मी वर्षभर बघत होते. गोणीवर बसून राहायचा, ओठ हलवायचा. मला वाटायचं, हा माझी बोलणी चोरतोय! मी गिऱ्हाइकांना झापते ती वाक्यं ऐकायला लोक लांबून येतात, उगाच नाही. म्हणून मी त्याच्यासमोर मुद्दाम पडेल वाक्यं बोलायला लागले. "आज ऊन आहे." "गहू चांगले आहेत."

आठ दिवसांनी तो म्हणाला, "मावशी, तब्येत बरी नाही का?"

* * *

याच सुमारास ठाण्याहून एक मुलगी आली, माजिवड्याच्या कुठल्याशा ऑफिसातून. रॅपवर लेख लिहीत होती. गिरणी बघून तिचे डोळे भरून आले. "आजी, जात्यावरची ओवी हाच आपला पहिला रॅप नाही का? तुम्ही म्हणून दाखवाल?"

मी म्हटलं, "बाळा, मी जात्यावर कधी बसलेच नाही. दहा हॉर्सपावरची मोटर आहे, बटण दाबलं की चालते."

ती म्हणाली, "पण तुमच्या आईच्या..."

"आईला माझ्या गाणं येत नव्हतं. ती शिव्या द्यायची. त्या म्हणून दाखवू का?"

तिने वही मिटली. बिचारीच्या लेखात मी 'लाजाळू' आहे.

* * *

आता मूळ गोष्ट. 'फाटक'मध्ये दोघे होते, सतीश आणि त्याचा मित्र मन्या. मन्या नोकरीला दुबईला गेला आणि फाटक बंद पडलं. सतीश परत येतोय म्हटल्यावर कोणीतरी जुन्या गाण्यांची वही शोधली आणि फोटो टाकले. सगळी वही मन्याच्या अक्षरात! एक ओळ सतीशच्या हातची नाही.

झालं. गावभर एकच. "लिहायचा मन्याच. हा नुसता तोंड हलवायचा. सोलो कसला काढतोय!" मन्याला पोरांनी मेसेज करून विचारलं. त्याने उत्तरात नुसतं हात जोडलेलं चित्र पाठवलं. याचा अर्थ काय लावायचा? मेल्याने दोन शब्द लिहिले असते तर बोटं झिजली असती?

रॉनी गाळ्यात सगळ्यांसमोर म्हणाला, "दादा, तुम्ही एकदा बोला ना. लिहिलं कोणी?"

सतीश म्हणाला, "अक्षर मन्याचंच आहे."

एवढंच! आणि गहू उचलून घरी गेला. नवं गाणं लोकांनी त्याचं मानलं नाही तर परत कधी माइक धरणार नाही, असं बायकोला सांगून बसला होता. तीच मला सांगून गेली, पीठ न्यायला आली तेव्हा. मोटरच्या वर ओरडून.

मला मात्र सरळ दिसत होतं. वही मित्राची, अक्षर मित्राचं, आणि विचारलं की मान खाली. चोर आहे!

* * *

मी त्याला बोलावलं. म्हटलं, "उद्या एक वाजता ये. मोबाइल माझ्याकडे द्यायचा. गाळ्यात तू, कागद आणि पेन्सिल. बाहेरून कुलूप. विषय मी देणार. चारला उघडीन."

मला वाटलं पळून जाईल. तो आला! खिसे उलटे करून दाखवायला लावले. कागद म्हणजे पिठाची पिशवी फाडून दिली. म्हटलं, "विषय, बाजरीनंतरचे गहू." हा कोणी घरून तयार करून आणेल का?

कुलूप घातलं, स्टूल टाकून शटरला टेकून बसले. माझी दुपारची झोप गेली. आत नुसती पावलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, त्या भिंतीपासून या. पेन्सिलीचा आवाज नाही. दोन वाजता शटरवर थाप.

"मावशी, लघवीला."

सोडलं. परत येताना पुन्हा खिसे तपासले. तो म्हणाला, "मावशी, दहावीला पण एवढं नव्हतं."

"म्हणून नापास झालास!"

चार वाजता शटर वर केलं. कागद कोरा. मी 'चोर' म्हणायला तोंड उघडलं आणि त्याने सुरुवात केली. उभ्याउभ्या. चाळीस-बेचाळीस ओळी असतील. मधे थांबला नाही.

"गव्हात माझ्या बाजरी कुणाची, विचारत बसलंय गाव,
दोन दगडांत दळलं गेलं, त्या पिठाला कसलं नाव?"

मी म्हटलं, "परत म्हण." परत म्हटलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

"मग कागदावर का नाही?"

"लिहायला बसलं की अक्षरं पळतात मावशी. शाळेपासून. मला चालताना येतं. मी बोलायचो, मन्या लिहायचा."

"अरे मग हे चौदा वर्षांत सांगितलं का नाहीस?"

"लोक वही दाखवून विचारतात. अक्षर त्याचंच आहे ना."

मी स्टुलावर बसले. थोडा वेळ मला सुमनचं अक्षर दिसत राहिलं. मग म्हटलं, "तिसऱ्यांदा म्हण, हळू." आणि पेन्सिल घेऊन ते सगळं मी माझ्या हाताने उतरवून काढलं.

* * *

गाणं आलं. चाललं! लिफ्टमध्ये लोक त्याच्याबरोबर फोटो काढायला लागले. पण हा शहाणा! गाण्याच्या कव्हरवर त्याने काय लावावं? तो पिठाच्या पिशवीचा कागद! "ओरिजिनल आहे ना मावशी, मेहनत दिसते."

तिसऱ्या दिवशी कोणाच्या तरी लक्षात आलं, की कव्हरवर 'दळलं'मधला ळ आडवा झोपलाय. आणि असा झोपलेला ळ सगळ्या कोपरात एकाच पाटीवर आहे.

शनिवारी एक वाजायच्या सुमारास, गिरणी भरलेली असताना, रॉनी कॅमेरा घेऊन आला. "आजी, खरं सांगा. गाणं तुम्ही लिहिलंत ना?"

रांग गप्प! पाटीचा मान पहिल्यांदा राहिला. मी मोटर बंद केली. खोटं कशाला बोलू, क्षणभर बरं वाटलं. माझं लिहिलेलं माझं आहे म्हणून मी घसा फोडला तेव्हा एकाला पटलं नाही, आणि आज दुसऱ्याचं आपणहून माझ्या पदरात घालायला आले होते!

सतीश डबा घेऊन रांगेतच होता. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "अक्षर मावशीचंच आहे."

"अरे गाढवा, पुढचं वाक्य बोल!"

तो डब्याच्या कडीशी खेळत राहिला. चेहरा पिठासारखा पांढरा.

मी कनवटीची किल्ली काढून रॉनीच्या हातात दिली. "मला कोंडा. विषय तुम्ही द्या. चार वाजेपर्यंत मला चार ओळी जरी जमल्या, तर गाणं माझं. नाही जमल्या तर त्याचं, आणि मग पुन्हा या गिरणीत हा प्रश्न विचारायचा नाही."

रॉनीने विषय दिला, "लिफ्ट." माझा फोन काढून घेतला, पानाची चंची उलटी करून बघितली. चष्मा तेवढा ठेवला. पिशवी फाडून कागद दिला आणि शटर खाली ओढलं. बाहेर अर्धी रांग थांबली, डबे तसेच ठेवून.

मला आत काही करायचंच नव्हतं. नुसतं बसायचं आणि कागद कोरा ठेवायचा, एवढंच. पण तीन तास! समोर कागद, हातात पेन्सिल, बोलायला कोणी नाही.

चार वाजता शटर गुडघाभर वर गेलं. सतीश वाकून सगळ्यांच्या आधी आत आला. कागद माझ्या मांडीवर होता. त्याने उचलला. ओळीखाली बोट धरून हळूहळू वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून. मग माझ्याकडे बघितलं.

बाहेरून रॉनी ओरडला, "दादा, काय आहे?"

सतीशने कागदाच्या चार घड्या केल्या, खिशात घातला, शटरखालून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाला, "कोरा आहे!"