गोमुखी घराचे पत्रे

पहिल्या बाळंतपणाला मी चैत्रात माहेरी आले, बोरीच्या अलीकडच्या आमच्या गावात, तेव्हा घराला छत नव्हतं. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मातीचं जुनं माळवद आधीच उतरवलं होतं. त्या मातीतून विंचू गळायचे. बाळाच्या पाळण्यात पडला तर काय करायचं, म्हणून यंदा पत्रे घालायचे. विचार मायेचाच होता. पण पत्रे किती लागतील याचा अंदाज निघायच्या आधी डोक्यावर आहे ते उतरवून कोण बसतं? आमचे आप्पा.

अंदाज मात्र रोज निघायचा. सकाळी चहा झाला की आप्पा आणि माझे चुलते ओट्यावर बसत. आमच्याकडे घर खणांनी मोजतात. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. जिंतूरचा दुकानदार मात्र फूट विचारायचा. मग चुलते बैलाचं दावं घेऊन दारापुढची भिंत मोजत आणि खणांचे फूट करत बसत. आप्पा अडायचे ते एका पत्र्यावर दुसरा किती चढवायचा यावर. चार बोटं की वीतभर? वीतभर म्हटलं की खर्च वाढायचा, चार बोटं म्हटलं की चुलते म्हणायचे, "पाणी शिरंल, मग मला बोलू नका." पत्रे झाले की हूक, हूक झाले की त्यांच्याखालच्या डांबरी चकत्या, म्हणजे वायसर. वायसरांवर एक अख्खी सकाळ गेली. मी बाजेवर पडून आभाळाकडे बघत असायचे. उन्हं चढली की माय चार काठ्यांना लुगडं बांधून मला सावली करून द्यायची आणि नवऱ्याच्या नावाने कडाकडा बोटं मोडायची.

"आप्पा, माझे दिवस भरत आलेत. पत्रे आणा की."

"अंदाजा पक्का झाल्याबिगर पैसा घालू का? बघायलोत की आमी."

शेवटी एकदाचे पत्रे आले. ट्रॉली खडखडत दारात थांबली तसं अर्धं गाव जमलं. पहिला पत्रा डाव्या भिंतीला धरून बसवला, मग त्याच्याशेजारी दुसरा, असं करत दारापाशी शेवटचा पत्रा उजव्या भिंतीवर इतका नेमका आला की चुलत्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग ते मागच्या खोलीत गेले. उजव्या भिंतीच्या कडेने आभाळ दिसत होतं. दाराशी काहीच नाही, पण मागे जाता जाता फट रुंद होत चांगली दोन हात झालेली.

घर गोमुखी होतं. पुढे अरुंद, मागे रुंद, गायीच्या तोंडासारखं, आणि म्हणून शुभ. आजोबांनी ही जागा तेवढ्यासाठीच घेतली होती. सोयरेधायरे आले की आप्पा आधी तेच सांगत. माझ्या लग्नाच्या बैठकीतसुद्धा सांगून झालं होतं. आणि मोजलं फक्त पुढून! मागच्या भिंतीला कडब्याची गंजी लावलेली, म्हणून तिकडे दावं घेऊन कुणी फिरकलंच नाही. मला हसावं की रडावं कळेना. मी रडले, आणि मग कडकडून भांडले.

"गोमुखी हाय बाई, भाग्य हाय," चुलते म्हणाले.

"दिसायलंय की काका. सगळं भाग्य वरून दिसायलंय."

एवढं झाल्यावर तरी शहाणे व्हावेत! दुसऱ्या दिवशी दोघे पुन्हा ओट्यावर, आता फटीचा अंदाज काढायला. एक पत्रा आणावा, की दोन, की सगळे उचकटून चार बोटांवर यावं? त्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा बंद नेहमीचेच. त्या आठवड्यात जिंतूरची दुकानंच उघडली नाहीत. मग तर काय, अंदाज काढायला सवडच सवड.

तो चालू असतानाच मला कळा सुरू झाल्या. भर दुपार, वैशाखाचं ऊन. पुढची खोली जवळजवळ झाकलेली होती, पण तिचं दार रस्त्यावर. बाळंतपण मागेच व्हायचं होतं. सुईण आली, तिने वर बघितलं आणि आमच्या खानदानाचा उद्धार केला. उन्हाचा पट्टा बाजेकडे सरकत होता. आप्पांनी फटीवर ताडपत्री टाकली, ती वाऱ्याने उडवली. वर दगड ठेवावेत, तर खाली लेक.

थोड्या वेळाने पट्टा गेला. वर बघितलं, तर ताडपत्रीच्या कडेला आप्पांचं धोतर. शिडी लावून ते भिंतीवर चढले होते आणि एक कड मांडीखाली दाबून, दुसरी हातांनी ताणून धरून बसले होते.

"उतरा खाली!" सुईण ओरडली. "गडीमाणसाचं काय काम इथं?"

"तोंड तिकडं हाय माझं," आप्पा म्हणाले, आणि हलले नाहीत.

कळा येत होत्या, आणि प्रत्येक कळेला मी त्यांच्या त्या अंदाजाला मनातल्या मनात शिव्या घालत होते. मग बाळ रडलं. "लेक झाली!" सुईणीने वर सांगितलं.

"तिच्या डोळ्यावर ऊन यायलंय का गं?" आप्पांनी विचारलं. तोंड अजून तिकडेच.

महिनाभर त्यांना सुनवायचं म्हणून काय काय साठवलं होतं मी. सगळं तोंडापर्यंत आलेलं होतं.

"न्हाई आप्पा," मी म्हणाले. "सावली हाय. उतरा आता."

ऊन कलेपर्यंत ते उतरले नाहीत.