कोऱ्या दारूवर माझी नेमणूक

आमच्या घरात दारूला कधी कुणी शिवलं नाही, असं मी चारचौघांत छातीठोकपणे सांगते. एक चुलते होते, पण त्यांना आम्ही मोजत नाही. त्यामुळे माझी एकुलती एक लेक पुण्याची नोकरी सोडून परत आली आणि कट्टा गावाच्या आतल्या बाजूला, काजूच्या बागेत, जवाची व्हिस्की करायची छोटी भट्टी घालून बसली, तेव्हा मला ते लोकांना कसं सांगावं हेच कळेना. आमच्या आचरा गावात अशी गोष्ट लपत नाही. देवळात बायका विचारायच्या, "चेडू काय करता आता?" मी म्हणायचे, "धान्यावर प्रक्रिया." त्यात खोटं काहीच नव्हतं.

भट्टी रीतसर परवान्याची. लेकीचा शाळेपासूनचा एक मित्र तिचा भागीदार आहे. तो बॉयलर, मोटारी आणि सरकारी कागद सांभाळतो आणि ती चव आणि वास सांभाळते. मोड आणून वाळवलेले जव पोत्यांतून येतात. ते भरडायचे, गरम पाण्यात भिजवायचे, ते गोड पाणी आंबवायचं आणि तांब्याच्या भांड्यात दोनदा उकळून त्याची वाफ थंड करायची. दुसऱ्या खेपेला जी धार पडते ती विहिरीच्या पाण्यासारखी स्वच्छ असते. लाकडी पिंपात काही वर्षं काढल्यावर तिला रंग चढतो आणि मग लोक तिला व्हिस्की म्हणतात. पिंपात जायच्या आधी तिला काय म्हणायचं? मी कोरी दारू म्हणते. बिनदुधाच्या चहाला कोरा म्हणतो, तसंच.

पहिल्या वर्षी तिने ओळखीच्या तीन लहान भट्ट्यांकडून त्यांची कोरी दारू नमुन्यापुरती आणवली. दुसऱ्यांची कशी होते ते बघायचं होतं. तीन चिमुकल्या बाटल्या माझ्या पोळपाटाशेजारी मांडल्या गेल्या. ते बघून आमचे हे उठले आणि शेजाऱ्यांकडे पेपर वाचायला निघून गेले. आमच्याकडेही तोच पेपर येतो.

"आई, वास घेवन सांग कसलो ता," लेक म्हणाली. "पण हळू घे. तोंड जरा उघडा ठेव."

मी हळूबिळू काही घेतला नाही. भाताच्या टोपावर वाकून ओढते तसा खोल ओढला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मग तिने तिन्हीत पाणी घातलं आणि मी शहाण्यासारखी पुन्हा बसले. तिने मलाच का विचारावं, तर त्याला कारण आहे. देवळात आमच्या पाळीचा नैवेद्य मी लग्न होऊन आल्यापासून रांधते. नैवेद्याचं चाखायचं नसतं, देवाआधी आपली जीभ लागली की ते उष्टं. मीठ कमी की जास्त, कोकम पुरे की नाही, हे सगळं वाफेच्या वासावर ठरवायचं. ह्यांचं म्हणणं, देव तक्रार करत नाही म्हणून माझं खपतं. पण नंतर पंगतीला बसणारे काही देव नव्हेत, आणि त्यांनीही आजवर मीठ मागितलेलं नाही.

तर त्या दिवशी एका बाटलीत मला चुलीचा धूर सापडला, दुसरीत पिकलेली वेलची केळी आणि तिसरीत नुसता दवाखाना. लेक खूश झाली, तिलाही तेच सापडलं होतं. मग तिने केळ्याच्या वासाच्या बाटलीतला एक थेंब माझ्या बोटावर ठेवला. शाळेत मी वर्षानुवर्षं पोरांकडून व्यसनांच्या दुष्परिणामांवर निबंध लिहून घेतले आहेत. ते सगळे निबंध मला एकदम आठवले आणि मी बोट जिभेला लावलं. आधी चटका बसला. तो ओसरल्यावर मोड आलेलं धान्य चावल्यासारखा गोडवा मागे उरला आणि बराच वेळ रेंगाळला. मला ती आवडली. हे ह्यांनाही अजून माहीत नाही.

मागच्या श्रावणात लेकीला ताप आला. ताप उतरला, पण तिचं जेवणात लक्ष लागेना. एकदा गॅसवरचं दूध करपून धूर झाला, मी परसातून धावत आले, तर ही दोन हातांच्या अंतरावर बसून मोबाईल बघत होती. तेव्हा कळलं की तिचा वास गेलाय. मालवणच्या डॉक्टरांनी सांगितलं की बहुतेकांचा परत येतो, कुणाचा लवकर, कुणाचा उशिरा, आणि एखाद्याचा येतही नाही. रोज तेच ते चार वास घेत राहा, नाकाची सवय मोडू देऊ नका.

मी चार बरण्या भरल्या. लवंग, ओवा, लिंबाची साल आणि तिरफळं. तिरफळाचा वास मेलेल्यालाही येईल असं मला वाटायचं. रोज सकाळी ती डोळे मिटून एकेक बरणी नाकाशी धरायची आणि मी समोर बसायचे.

"येता?"

"नाय."

असे महिने गेले. फाल्गुनात मी सुरंगीचा गजरा आणला. सुरंगी घरात आली की पार शेजारच्या ओटीवर कळतं. लेकीने तो केसांत माळला, आरशात बघितलं आणि म्हणाली, "बरो दिसता." मी स्वयंपाकघरात जाऊन उगीचच भांडी आपटली. राग कुणावर काढायचा ते समजत नव्हतं.

त्याच आठवड्यात जेवताना तिने सांगून टाकलं. "आई, पावसाआधी ह्या वर्षाची पिंपा भरूची आसत. ती भरून होईसर वास इलो नाय, तर मी भट्टी भागीदाराच्या हातात देतंय आणि पुण्याक जातंय. जुन्या हापिसात जागा आसा. त्येंका लवकर कळवूक व्हया."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी "बरां" म्हटलं आणि ताटात भात वाढून घेतला. भट्टीला सगळ्यात जास्त नावं मी ठेवली होती, तेव्हा आता तोंड कुठल्या तोंडाने उघडणार? पण दोन गोष्टींपायी मी तो भात नुसता चिवडत राहिले. ती पुन्हा लांब जाईल हे एक, आणि तिचं ज्यात मन होतं तेच तिच्या हातून सुटणार हे दुसरं. कोऱ्या दारूचा ग्लास नाकाशी नेताना तिच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मी पुण्याच्या नोकरीत एकदाही पाहिलं नव्हतं.

पिंपं भरायची म्हणजे नेमकं काय, ते सांगायला हवं. दुसऱ्या खेपेची धार सुरू होते तेव्हा पहिला भाग उग्र असतो, नखांचा रंग पुसायच्या औषधासारखा. तो बाजूला काढतात. त्यानंतरचा मधला भाग चांगला, तेवढाच पिंपात जातो. आणि शेवटाकडे धार बिघडते, तिला ओल्या गोणपाटासारखा घामट वास यायला लागतो. तो वास सुरू व्हायच्या क्षणाला धार दुसऱ्या भांड्यात वळवायची. घाई केली तर चांगला माल फुकट जातो, आणि उशीर केला तर गोणपाट पिंपात बसतं ते कायमचं. दारूची तीव्रता दाखवणारा मीटर असतो, पण माझी लेक मीटरवर विसंबत नाही. आणि तिच्या भागीदाराला बारा महिने सर्दी.

"काकी, तुमीच येवा," तोच म्हणाला. "माका डिझेलचो वाससुद्धा कळना नाय."

अशी माझी नेमणूक झाली. ह्यांनी मला बसस्टॉपवर सोडताना विचारलं, "देवळात काय सांगू?" मी म्हटलं, "धान्याकडे लक्ष देवक गेलंय म्हणान सांगा."

भट्टीचं शेड लहान आहे, पण आत शिरलं की त्या तांब्याच्या भांड्याकडे बघत राहावंसं वाटतं. सकाळपासून आम्ही तिघं तिथे. मी खुर्चीवर, पदर खोचून, समोर पाण्याचा तांब्या आणि पुसायला फडकं. धार एका काचेच्या नळकांड्यातून पडत होती. भागीदार दर थोड्या वेळाने ग्लासात घोटभर धरून मला द्यायचा, मी पाणी घालायचे आणि वास घ्यायचे. पहिला उग्र भाग मी बरोबर ओळखला आणि तो संपल्याचंही बरोबर सांगितलं. मग मधला भाग सुरू झाला. काय सुरेख होता. भाजलेल्या पिठाचा, केळ्याचा, नुकत्या कापलेल्या गवताचा. मी थेंबभर जिभेला लावूनही बघितला, कामाचा भाग म्हणून.

लेक मीटरशी उभी होती. माझा ग्लास झाला की ती तो घ्यायची आणि सवयीने नाकाशी न्यायची, मग खाली ठेवायची. मला ते बघवत नव्हतं. मी तिला म्हटलंही, "तू कित्याक घेतंस गो, उगीच?" ती म्हणाली, "हात जाता आपसूक."

दुपार कलायला लागली तशी धार जरा मंद झाली. भागीदाराने ग्लास दिला. मी वास घेतला. पीठ होतं, थोडं मंद, पण होतं.

"चालू दी," मी म्हटलं. "अजून चांगला आसा."

लेकीने ग्लास उचलला. नाकाशी नेला. आणि तिथेच थांबली.

"बंद कर," ती म्हणाली.

भागीदाराने माझ्याकडे बघितलं. नेमणूक माझी होती. "नाय रे, चालू रवांदे," मी म्हटलं. "मी सांगतंय मा."

"आई, तू चुकतंस." आणि कुणी काही करायच्या आत तिने स्वतः पुढे होऊन धार दुसऱ्या भांड्यात वळवली.

माझ्या नाकाला कुणी चूक म्हटलेलं मला खपत नाही. ह्यांनी लग्नानंतर एकदा आमटी खारट म्हटली होती, ती मी अजून विसरलेले नाही. मी ताडकन उठले, पुन्हा ग्लास धरला, चांगला खोल वास घेतला. पिठाच्या मागे, अगदी तळाशी, गोणपाट होतं. आत्ता कुठे सुरू झालेलं. मला कळायच्या आधी ते तिला कळलं होतं.

मी ग्लास खाली ठेवला. मग भागीदाराने विचारलं, "तुका कसा कळला?" आणि लेक म्हणाली, "वास इलो." एवढं बोलली आणि स्वतःच घाबरल्यासारखी माझ्याकडे बघायला लागली.

मी मास्तरीण. एका उत्तरावर मार्क देत नाही. मी तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, एका ग्लासात भरपूर पाणी घालून मधला चांगला भाग घेतला, दुसऱ्यात तसाच बिघडलेला आणि तिसऱ्यात साधं पाणी. तिने गोणपाट ओळखलं. भागीदाराने ग्लास उलटेसुलटे केले, तिने पुन्हा ओळखलं. चांगला भाग आणि पाणी मात्र तिला सारखंच होतं.

"चांगल्याचो येणा नाय अजून," ती म्हणाली. "वाईटाचोच येता."

"येवंदे," मी म्हटलं. "आधी तो तर येवंदे."

ती पायरीवर बसली आणि रडायला लागली. तो बिघडलेल्या दारूचा ग्लास हातातच. "किती घाण वास आसा गो," ती हुंदके देत म्हणाली आणि पुन्हा तो नाकाशी नेला. मी तिच्याशेजारी बसले. मी चुकले होते, तेही तिसऱ्या माणसासमोर, आणि मला भारी आनंद झाला होता. भागीदार नाक पुसत होता, पण त्याचं काय, ते तो नेहमीच पुसतो.

संध्याकाळी तिच्या स्कूटरवरून परत निघालो. कट्ट्याच्या बाजारात तिने स्कूटर थांबवली, बाजूला घेतली आणि फोन लावला. हापिसातला फोन म्हटल्यावर भाषा बदलली.

"नमस्कार सर. नाही, मी रुजू होणार नाही म्हणून सांगायला फोन केला." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "नाही, पूर्ण बरं नाही अजून. एकच वास येतोय सध्या, आणि तोही फार वाईट आहे." मग ती हसली. "हो सर. तेवढ्यावर थांबतेय इथे."

मी समोरच्या केळीवाल्याकडे गेले आणि घडाकडे तोंड करून उभी राहिले. तो दोनदा म्हणाला, "बाई, खयची देव?" मी मान न वळवता एका फणीकडे बोट दाखवलं. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, आणि कट्ट्याच्या बाजारात माझे विद्यार्थी फार.