बुटावरचा हात

माझ्या नवऱ्याला पुढे चालायची सवय. लग्नानंतर पहिल्यांदा लक्ष्मी रोडला गेलो तेव्हा हा तरातरा पुढे, आणि मी चपलांच्या दुकानापाशी एकटी. अमेरिकेत आल्यावर मॉल मोठे झाले, तेवढं आमच्यातलं अंतर वाढलं. मी सांगून पाहिलं, भांडले, एकदा रडलेसुद्धा. त्याचं उत्तर ठरलेलं, “अगं, येतेसच ना मागून.”

जर्सी सिटीत कॉम्प्युटरची नोकरी करणारा हा माणूस दोन हजार चारच्या सुमारास आमच्या गावच्या फायर स्टेशनमध्ये स्वयंसेवक झाला. इथल्या लहान गावांत आग विझवायला शेजारीपाजारीच धावतात. त्याआधीच्या हिवाळ्यात एका जळत्या घरात त्यांच्यातला एक जण जोडीदारापासून सुटला आणि जमीन खचून तळघरात पडला. तो मागे राहिलाय हे बाहेर आलेल्यांना बराच वेळ कळलंच नाही. जीव वाचला, पाय अधू झाला. मग नवा कॅप्टन आला आणि ढिलाई संपली. दर शनिवारी सराव, आणि त्यात पास झाल्याशिवाय कुणी आगीत जायचं नाही.

घरच्यांना बघायला परवानगी होती. मी बटाटेवडे घेऊन गेले. जुन्या सोफ्यांनी भरलेली एक शेड होती. मास्कच्या काचेला मेणकागद लावलेला, म्हणजे काही दिसायला नको. दोघांनी रांगत आत जायचं आणि माणसाएवढा बाहुला शोधून आणायचा. मागच्याचा हात सतत पुढच्याच्या बुटावर. पुढच्यानं अधूनमधून थांबून हाक मारायची, उत्तर आलं नाही तर मागे वळायचं. माझ्या नवऱ्याचा जोडीदार होता एक जाडजूड प्लंबर.

पहिल्या शनिवारी नवरा बाहुला ओढत विजयी मुद्रेनं बाहेर आला. एकटाच. प्लंबर आत सोफ्याखाली अडकला होता. कॅप्टननं नवऱ्याला तिथल्या तिथे नापास केलं. मला इतका आनंद झाला की मी दोन वडे जास्त खाल्ले. मला विचारलं असतं तर मी आधीच सांगितलं असतं.

पण पुढे तो शिकला, आणि तिथेच माझं बिनसलं. महिन्याभरानं पाहिलं, तर हा दर थोड्या अंतरावर थांबतोय, हात मागे नेऊन प्लंबरचं हेल्मेट चाचपतोय, ठीक आहेस ना म्हणून विचारतोय. उत्तर येईपर्यंत हलत नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वर तो प्लंबर माझेच वडे खात मला सांगतो, तुमच्या नवऱ्याइतका काळजी घेणारा माणूस पाहिला नाही. परतताना गाडीत मी वड्यांचा रिकामा डबा मांडीवर आपटला. काय झालं, हे नवऱ्यानं विचारलं नाही.

थँक्सगिव्हिंगच्या सेलला मॉलमध्ये गेलो. पिशव्या घेऊन हा पुढे. मी मुद्दाम बाकावर बसले. ठरवलं, आज हा स्वतःहून वळेपर्यंत उठायचं नाही, मॉल बंद झाला तरी चालेल. तो सरकत्या जिन्यापाशी गर्दीत दिसेनासा झाला.

मग तो दिसला. जवळजवळ धावत, पिशव्या लोकांना आपटत, चेहरा पांढराफटक. माझ्यासाठी तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

“मी हाक मारली,” तो म्हणाला. “उत्तर नाही आलं.”

“तुझ्या कॅप्टनला एकदा घरी जेवायला बोलव,” मी म्हटलं. “अजून बरंच शिकवायचं राहिलंय.”

तो हसला नाही. “सॉरी, चल,” म्हणाला आणि सवयीनं पुन्हा पुढे निघाला. मात्र सगळ्या पिशव्या एका हातात घेतल्या आणि दुसरा हात मागे केला, पंजा उघडा. मला वर्षानुवर्षं भांडून जे मिळालं नाही ते त्या प्लंबरला चार शनिवारांत मिळालं होतं. ते आठवून मी पुन्हा जळले, आणि तो हात घट्ट धरला.