अंगणातली सावली

त्या हिवाळ्यात आम्ही आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, खाट पडवीत आणली होती. त्यांना उठता येत नव्हतं, पण पडल्यापडल्या अंगण दिसायचं. कळंबजवळच्या आमच्या गावात त्यांनी उभा जन्म भात आणि गुरं केली. मेलेलं जनावर माळावर नेऊन ठेवायचं, गिधाडं उतरेपर्यंत थांबायचं आणि मग हात जोडून घरी यायचं, अशी त्यांची रीत. पुढे गिधाडं येईनाशी झाली. "मरायच्या आधी येकदा दिसाया पायजे गं," असं ते आजारपणात सारखं म्हणायचे.

एका दुपारी पडवीच्या पत्र्यावर धप्पकन काहीतरी बसलं. मी अंगणात जाऊन वर पाहिलं. भलंमोठं, काळपट गिधाड, थकून पंख सैल सोडलेलं. घरावर गिधाड बसलं की घरातलं माणूस जातं, असं आमच्याकडे मानतात. मी कर्जतच्या शाळेत विज्ञान शिकवते, असल्या समजुतींची वर्गात टिंगल करते. पण पत्र्याखाली आबा होते.

शेजारून चुलती धावत आली. "हाकल गं त्याला, बघत काय बसलीस!"

मी काठीने पत्रा बडवला.

"काय हाय गं वर?" आबांनी विचारलं.

"घार हाय, आबा."

ते जड अंगाने उडालं. त्याची सावली अख्ख्या अंगणावरून सरकत बांधापलीकडे गेली. आबा तिकडेच बघत राहिले.

"घारीची सावली येवढी नाय पडत," ते हळूच म्हणाले. मी ऐकलंच नाही असं दाखवलं. आजही त्याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी जवळच्या रिसॉर्टवर उतरलेला एक पक्षीवेडा माणूस त्या गिधाडाचा फोटो घेऊन गावभर विचारत फिरत होता. तिकडे उत्तरेतलं काळं गिधाड, म्हणाला, वाट चुकून आलंय, आपल्याकडे क्वचितच दिसतं. मी फोटो फोनवर मागून घेतला. पण आबांना दाखवायचा तर खोटं बोलले हे कबूल करावं लागणार. उद्या दाखवू, उद्या दाखवू, असं करत आठवडा गेला.

आबा गेले, त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं.

"ती तुजी घार परत आली तं हाकलू नको गं," ते म्हणाले.

मी हो म्हणाले. फोन माझ्या हातातच होता.