प्रमोदनं बसवलेलं कुलूप

मित्रांनो, आज सकाळी प्रमोदचे बाबा अकोल्याहून माझ्याकडे अमरावतीला आले. सोबत त्याचा लॅपटॉप होता. प्रमोदला जाऊन तीन महिने झाले.

आपल्या ओपन-सोर्स प्रोग्रामिंग भाषेत एन्क्रिप्शन, म्हणजे फाइलला पासवर्डचं कुलूप, वेगळं टाकावं लागायचं, म्हणून कोणी टाकतच नव्हतं. ते भाषेतच असावं, यासाठी प्रमोद माझ्याशी वर्षभर भांडला. शेवटी आम्ही दोघांनी मिळून ते बसवलं.

त्याच्या आईला त्याचा आवाज ऐकायचा आहे. लॅपटॉपमध्ये त्याच्या आवाजाची रेकॉर्डिंग सापडली, पण सगळी त्यानं त्याच एन्क्रिप्शननं बंद केलेली. पासवर्ड कुठंच लिहिलेला नाही.

फोन उचलला की तो "का रे"ऐवजी आपलं वऱ्हाडी "काहून बे" म्हणायचा. मी ते टाकून पाहिलं. मग "कावून बे" टाकलं. उघडलं नाही.

बाबा म्हणाले, "तुमी दोघायनंच बनवलं ना हे? मंग तुले काहून उघडता येत नाही?"

"काका, नीट बनवलं म्हणूनच नाही उघडत."

"म्हंजे पोरानं काम चोख केलं," बाबा म्हणाले आणि लॅपटॉप माझ्याकडेच ठेवून गेले.

प्रमोदच्या तोंडात नेहमी असलेला एखादा शब्द तुम्हाला आठवतो का? सांगा. तोही टाकून पाहतो.